आखाड्यातून पगारापर्यंत : यवतमाळ, लारिसा आणि खेळाडूची उपजीविका

यवतमाळ जिल्ह्याचा क्रीडाइतिहास हा बहुतांशी वऱ्हाडच्या व्यायामचळवळीचा इतिहास आहे, आणि त्या चळवळीने खेळाडू घडवले तरी खेळाडूचा स्वतंत्र पेशा का घडवला नाही, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या मैदानापेक्षा प्रांताच्या राजकीय व आर्थिक घडणीत अधिक सापडते. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, मात्र नावाची मालकी हैदराबादची राहिली, आणि 1903 मध्ये हा मुलूख मध्य प्रांताला कारभारापुरता जोडला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी, इंग्रजी दप्तरात ‘वून’, या नावाने ओळखला जाई. 1905 मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. या व्यवस्थेत आश्रयदाता संस्थानिक असा नव्हताच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना पदरी ठेवले, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे केले. वऱ्हाडच्या पहिलवानाला असा दरबार लाभला नाही, त्यामुळे कुस्त्यांच्या दंगलीत मिळालेले इनाम आणि गावकऱ्यांचे कौतुक यांपलीकडे त्याची कमाई सहसा गेली नाही.

कापसाने या जिल्ह्यात पैसा आणला, पण तो पैसा बाहेर वाहून जाणारा होता. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, जी पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने प्रसिद्ध झाली, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने मुख्यतः कापसासाठीच उभी राहिली. गाठी मुंबईला जात आणि तिथून बोटीने विलायतेला. गावात मागे राहत ते जिनिंगचे कारखाने, पेढ्या आणि हंगामापुरती मजुरी. अशा शहरात व्यायामशाळा निघत त्या वर्गणीवर आणि वस्तादाच्या निष्ठेवर. यवतमाळमधील हनुमान आखाडा चौक हे नाव त्या काळाची खूण आजही बाळगून आहे.

या सगळ्या प्रयत्नांना संघटित रूप मिळाले ते शेजारच्या अमरावतीत. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि या संस्थेचे पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला जाऊन कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्याच ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच पदकाच्या खेळांत समावेश झाला होता. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर झाले, आणि पावसाने चिखल झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडावर 19-8 असा विजय मिळवला. म्हणजे त्या उन्हाळ्यात बास्केटबॉल आणि कबड्डी हे दोन्ही खेळ एकाच देशात खेळले गेले, परंतु एकाला पदक होते आणि दुसऱ्याला केवळ टाळ्या.

अमरावतीच्या मंडळाने पुढे जो मार्ग धरला तो शिक्षणाचा. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम आणि त्यांच्या पदव्या यांतून वऱ्हाडभरच्या शाळांना क्रीडाशिक्षक मिळत गेले, ज्यांना जुनी पिढी ‘ड्रील मास्तर’ म्हणत असे. मंडळाचे हे मोठे यश होय. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, अंगात कसब असलेल्या तरुणाला खेळत राहून नव्हे, तर खेळ शिकवून पोट भरण्याचा रस्ता मिळाला.

ग्रीसमधील लारिसा या शहराशी तुलना केल्यास हा फरक नेमका कळतो. थेसली हा ग्रीसमधील सर्वांत मोठा कापूस पिकवणारा प्रदेश असून लारिसा ही त्याची मुख्य पेठ आहे. तेथील ‘यिम्नास्तिकोस सीलोगोस’ या संस्थेच्या नावाचा सरळ अर्थ ‘व्यायाम मंडळ’ असाच होतो. पण त्या मंडळाने शिक्षक घडवण्याऐवजी संघ उतरवले, आणि संघाला देशव्यापी साखळी स्पर्धेची, म्हणजे हंगामभर ठरलेल्या सामन्यांच्या शिडीची, जोड मिळाली. 1987 मध्ये ग्रीसने पिरेअस येथे सोव्हिएत संघाला 103-101 असे हरवून युरोपीय विजेतेपद मिळवले, त्यानंतर बास्केटबॉल तेथे घराघरांत शिरला, आणि 1992 पासून वरिष्ठ साखळी पूर्णतः व्यावसायिक झाली. 1982 साली जन्मलेला वासिलिस स्पानूलिस याच लारिसाच्या मंडळातून पुढे आला. तो गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाची चाल रचणारा बाहेरच्या फळीतला खेळाडू. 2001 मध्ये तो अथेन्सजवळच्या मारूसी संघात गेला, 2005 मध्ये पानाथिनाइकोसकडे आणि 2006 मध्ये एका हंगामासाठी अमेरिकेतील ह्यूस्टनला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेला 101-95 असे हरवताना त्याने 22 गुण नोंदवले. चोविसाव्या वर्षापर्यंत त्याने चार संघ पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्याला नेणारी गोष्ट होती करारपत्र.

यवतमाळात 24 जुलै 1992 रोजी जन्मलेल्या आकाश चिकटे याची वाट निराळी होती. त्याचा खेळ हॉकी, जागा गोलरक्षकाची. त्याच्या पिढीतील महाराष्ट्राच्या होतकरू मुलांसमोर शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी होत्या, आणि त्यानंतर लष्कर, रेल्वे किंवा सार्वजनिक कंपन्यांत खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागा. पगार खेळामुळे मिळे, पण कागदोपत्री तो दुसऱ्याच कामाचा असे. हॉकीपटूंचा लिलाव करणारी व्यावसायिक स्पर्धा 2013 मध्ये सुरू झाली खरी, परंतु 2017 नंतर ती कित्येक वर्षे बंद पडली.

चिकटेचा बहराचा काळ नेमका याच वेळचा. ऑक्टोबर 2016 मध्ये क्वांतान येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात मुख्य गोलरक्षक श्रीजेश जखमी असल्याने गोल राखण्याची जबाबदारी त्याच्यावर आली आणि भारताने पाकिस्तानला 3-2 असे हरवले. डिसेंबर 2017 मध्ये भुवनेश्वरला झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बेल्जियमविरुद्धची उपांत्यपूर्व लढत 3-3 अशी बरोबरीत सुटून शूटआउटवर गेली, ज्यात आक्रमक एकटा 23 मीटरच्या रेषेवरून निघतो व आठ सेकंदांत त्याला गोल करावा लागतो. तेथे चिकटेच्या बचावाने भारत उपांत्य फेरीत पोहोचला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, बंगळूरच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य आढळले आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्या वर्षअखेरीस विश्वचषक भुवनेश्वरलाच झाला, आणि तो जिंकला बेल्जियमने.

स्पानूलिस 2021 पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षांचा होईतो, खेळत राहिला. 2009 मध्ये बर्लिनला पानाथिनाइकोसकडून आणि 2012 व 2013 मध्ये ऑलिम्पियाकोसकडून त्याने युरोपातील क्लबांचे सर्वोच्च विजेतेपद मिळवले. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचा तो प्रशिक्षक झाला 2023 मध्ये. वऱ्हाडच्या व्यायामपटूला मिळणारे पहिले काम त्याच्या वाट्याला शेवटी आले.