भरीव गिटार : तिची घडण आणि निवड



तंबोरा, सतार, वीणा ही वाद्ये पाहत आलेल्या आपल्या डोळ्यांना तंतुवाद्याला भोपळा किंवा पोकळ पेटी असावयाचीच, ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की, तिच्यावाचून वाद्याची कल्पनाच करवत नाही. मिरजेचे कारागीर भोपळा निवडताना जी दक्षता घेतात तिचे कारण उघड आहे. नुसती तार फार थोडी हवा हालविते; तिचा कंप पोकळ अंगात उतरला म्हणजेच त्याचा भरदार नाद होतो. आज मी ज्या वाद्याविषयी बोलणार आहे त्याच्या कर्त्यांनी मात्र ही पोकळीच काढून टाकली. ते वाद्य म्हणजे भरीव लाकडाची विद्युत् गिटार.

गोव्यातील लग्नसमारंभांत आणि शहरोशहरीच्या तरुणांच्या वाद्यवृंदांत ही गिटार आता नित्याची झाली आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी ती मागते. आईबाप साठविलेले पैसे घेऊन दुकानात जातात आणि रंग व किंमत पाहून वाद्य घेऊन येतात. पुढे पहिल्याच कार्यक्रमात ते बेसूर होते किंवा घोंगावू लागते. रात्रीमागून रात्र कार्यक्रमांत टिकेल असे वाद्य कसे पारखावे, याचे उत्तर मला तिच्या इतिहासात सापडते. तो इतिहास एका अर्थाने तडजोडींचा इतिहास आहे.

१९३० च्या सुमारास अमेरिकेतील नृत्यगृहांत पितळी वाद्यांचे मोठे ताफे वाजत, आणि त्यांच्या गदारोळात गिटारचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी यावर उपाय काढला. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावली म्हणजे शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. ती ध्वनिवर्धकाने वाढविली की हवा तेवढा आवाज मिळतो. वेटोळे व चुंबक यांच्या या जोडीस पिकअप म्हणतात. या तत्त्वावरची त्यांची हवाई पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची गिटार १९३२ मध्ये विक्रीस आली. तिचे अंग अॅल्युमिनियमचे ओतीव होते आणि आकारावरून लोक तिला ‘तळणीचा तवा’ म्हणत. परंतु रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि लावलेले सूर ढळत. एक अडचण दूर झाली, तशी दुसरी उभी राहिली.

दुसऱ्यांनी जुन्या पोकळ गिटारलाच पिकअप बसविले. गिब्सन कंपनीची १९३६ सालची अशी गिटार चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने गाजविली. पण सभेत ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर आला म्हणजे जी किंकाळी उठते, तीच येथेही उठू लागली. कर्ण्याचा आवाज पोकळ पेटीला हादरवी, पेटी तारेला हादरवी, आणि तारेचा कंप पुन्हा कर्ण्यातून दुप्पट होऊन बाहेर पडे. जी पेटी शतकानुशतके वाद्याचे बळ होती, तीच मोठ्या आवाजात त्याचा दोष ठरली.

१९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने चार इंच रुंद व चार इंच जाड अशा पाईनच्या ओंडक्यावर तारा ताणून पाहिल्या. किंकाळी थांबली आणि स्वर दीर्घकाळ टिकू लागला. श्रोत्यांना ते ध्यान गिटारसारखे दिसावे म्हणून त्याने ओंडक्याच्या दोन्ही बाजूंस एका गिटारचे कापलेले पंख जोडले होते.

हा विचार कारखान्यात आणून यशस्वी केला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी. ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. नृत्यगृहांत वाजविणाऱ्यांच्या हाती ते आपले नमुने देत आणि त्यांच्या तक्रारी निमूटपणे ऐकून घेत. १९५० मध्ये त्यांची भरीव गिटार बाजारात आली. तिचे ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव एका दुसऱ्या कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्यामुळे बदलावे लागले आणि १९५१ पासून ती ‘टेलिकास्टर’ झाली. अॅश लाकडाची सपाट फळी, आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेली मेपल लाकडाची मान, एवढीच तिची रचना. मान बिघडली तर स्क्रू काढून दुसरी बसवावी, असा रोकडा हिशेब होता. एवढ्या कठीण लाकडाला आतून पोलादी सळईचा आधार नको, असे फेंडर यांना प्रथम वाटले. पण तारांच्या ओढीने मान वाकण्याची भीती होती, म्हणून लवकरच सळई घालावी लागली.

फेंडरच्या यशाने गिब्सन कंपनीलाही या मार्गास यावे लागले. १९५२ मध्ये तिने लेस पॉलच्याच नावाची गिटार काढली. ही घडण परंपरेला धरून होती : महोगनीचे अंग, वर मेपलचा कोरीव थर, आणि सरसाने चिकटविलेली मान. नाद भरदार व गंभीर. पण वजन बरेचदा चार किलोच्या पुढे. महोगनीचा माथा मागे कललेला असल्यामुळे गिटार उताणी पडली तर तो मानेपाशी तडकतो. फेंडरचा माथा सरळ असल्याने ही भीती कमी.

तारेच्या कंपणाऱ्या भागाची लांबी फेंडरमध्ये २५½ इंच, तर गिब्सनमध्ये सुमारे २४¾ इंच. या पाऊण इंचाचा परिणाम बोटांना तत्काळ जाणवतो. त्याच जाडीची तार त्याच स्वरास लावावयाची तर लांब तारेला ताण अधिक द्यावा लागतो. तिचा स्वर स्पष्ट व कणखर येतो. आखूड तार सैल व मऊ लागते. लहान हातांना ती सोयीची.

वेटोळ्यांचीही तीच कथा. एका वेटोळ्याच्या पिकअपचा आवाज लखलखीत असतो, पण ते वीजप्रवाहाची घरघरही टिपते. गिब्सनच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने उलट दिशांनी जोडलेली दोन वेटोळी शेजारी बसवून घरघर घरघरीनेच मारली. १९५७ पासून ती गिटारवर आली. घरघर गेली, आणि तिच्याबरोबर तो लखलखाटही थोडा गेला. आपल्याकडील जुन्या सभागृहांत वीज जोडण्याची व्यवस्था यथातथाच असते. तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो.

१९५४ च्या फेंडरकृत ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये स्वर हेलकावणारी दांडी आली. तिच्यासाठी घोडी स्प्रिंगांवर तोललेली असते. परिणामी ऐन कार्यक्रमात एक तार तुटली, तर स्प्रिंगा घोडीस मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. टेलिकास्टरची घोडी अचल. तिच्यावर तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात आणि गाणे तडीस नेता येते.

बाजाराचा कौल हाच अंतिम मानावा काय? जुन्या घडणीची लेस पॉल गिटार पुरेशी खपत नाही म्हणून गिब्सनने १९६० नंतर तिची घडण बंद करून पातळ अंगाचा नमुना काढला. १९६६ मध्ये इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत त्याच टाकलेल्या गिटारचा नाद ऐकविला, आणि १९६८ मध्ये कंपनीस ती पुन्हा बनवावी लागली. वाद्य तेच होते. त्याच्या नादास अनुरूप असे काम त्याला मध्यंतरी मिळाले, इतकेच.

म्हणून निवड करणाऱ्याने ‘सर्वांत चांगली कोणती’ असे न विचारता ‘माझ्या कामात कोणता दोष मला चालेल’ असे विचारावे. चार तास उभे राहून वाजवावयाचे असेल, तर पट्टा खांद्यावर घालून दुकानातच अर्धा तास उभे राहावे. वजन आपोआप बोलेल. वाद्य नीट लावून तारा जोराने ओढाव्यात आणि सूर जागेवर परत येतो का पाहावे. मानेच्या कडेने डोळा लावून ती वाकडी नाही ना, हे तपासावे. ध्वनिवर्धक मोठा करून, तारांना हात न लावता, घरघर ऐकावी. तारेचे टोक खोचण्याची जागा हालवून आवाज खरखरतो का पाहावे. कार्यक्रमात दगा देणारी जागा बहुधा हीच. नवशिक्याने अचल घोडीची गिटार घेणे श्रेयस्कर. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. वादनानंतर त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. आणि सर्व पैसे गिटारवर न खर्चता ध्वनिवर्धकासाठी काही राखावेत, कारण या वाद्याचा भोपळा आता त्या पेटीत आहे.