जावाच्या पहिल्या ओळीची कुळकथा

अंधेरी पूर्वेस १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी वसविलेल्या सीप्झच्या आवारात पुढे सॉफ्टवेअरचा व्यवसाय रुजला, आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींना त्या व्यवसायाची वाट मोकळी व्हावी म्हणून उपनगरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व खाजगी क्लासांत ज्या संगणकभाषा शिकविल्या जाऊ लागल्या, त्यांत जावाने मानाचे स्थान मिळविले. या भाषेच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला विद्यार्थी जी ओळ जर्नलात इमानेइतबारे उतरवीत आला, ती म्हणजे ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ आणि पुढे कंसात ‘स्ट्रिंग आर्ग्ज’. जुन्या पत्राच्या मायन्याप्रमाणे ती मजकुराआधी यायचीच. तिचा अर्थ मात्र बहुधा पुढच्या सत्रापर्यंत तहकूब राही.

या ओळीचे कूळ बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात घडलेल्या सी भाषेपर्यंत पोचते. प्रोग्रामचा आरंभ ‘मेन’ या नावाच्या फंक्शनापासून व्हावा हा शिरस्ता तिथला. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत १९९१ साली जेम्स गॉस्लिंग यांनी घरगुती उपकरणांसाठी जी भाषा योजिली आणि जी १९९५ साली जावा या नावाने जगापुढे आली, तिने सी जाणणाऱ्यांना परकेपणा वाटू नये म्हणून हा वारसा जतन केला. परंतु जावात प्रत्येक मेथड कोणत्या ना कोणत्या क्लासच्या अंमलाखाली असली पाहिजे, असा दंडक असल्यामुळे त्या एका नावाभोवती शब्दांचा लवाजमा जमला.

त्यातला एकही शब्द निष्कारण नव्हता. प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा मेथडला बाहेरून हाक मारते, म्हणून ‘पब्लिक’. त्या क्षणी एकही ऑब्जेक्ट जन्माला आलेला नसतो, म्हणून ‘स्टॅटिक’. मेन संपल्यावरही दुसरे थ्रेड काम चालू ठेवू शकतात, तेव्हा सीप्रमाणे मेनने परत दिलेल्या आकड्यावरून प्रोग्रामचा निकाल लावता येत नाही, म्हणून ‘व्हॉइड’. ‘स्ट्रिंग आर्ग्ज’ म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याला दिलेल्या शब्दांची यादी. सीमध्ये अशी यादी आणि तिच्यातील शब्दांची संख्या मेनला वेगवेगळी द्यावी लागते. जावाच्या ॲरेला आपली लांबी ठाऊक असते, म्हणून संख्येची बाब रद्द झाली.

तज्ज्ञांना सयुक्तिक वाटणारी ही तरतूद नवशिक्याला मात्र उंबरठ्यावरच अडवीत असे. २०१८ सालच्या जावा ११ने एकाच फाइलीतला प्रोग्राम वेगळा कंपाइल न करता थेट चालविण्याची मुभा दिली. २०२२ साली भाषेचे प्रमुख शिल्पकार ब्रायन गेट्झ यांनी शिकणाऱ्यांसाठी आरंभाची वाट सुगम करण्याचा विचार मांडला. त्या विचाराचा मसुदा जावा २१पासून जावा २४पर्यंत चार आवृत्त्यांत परीक्षणार्थ राहिला, दुरुस्त झाला, आणि सप्टेंबर २०२५मध्ये जावा २५त कायम झाला. आता फाइलीत क्लासचे नाव न घालता ‘व्हॉइड मेन’, रिकामा कंस आणि महिरपी कंसांच्या आत ‘आयओ डॉट प्रिंटएलएन’ने छापायचा नमस्कार, एवढे लिहिले तरी प्रोग्राम चालतो, क्लास कंपायलर स्वतः गृहीत धरतो, आणि मेन स्टॅटिक नसेल तर आवश्यक तो ऑब्जेक्टही आपोआप निर्माण होतो.

या सुधारणेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की जुनी ओळ बरखास्त झालेली नाही. जर्नलातला तो जुना प्रोग्राम आजही जसाच्या तसा चालतो. ऑब्जेक्टाची अभिव्यक्तिक्षमता आणि साध्या अंकाची चपळाई एकत्र आणू पाहणाऱ्या जावाच्याच ‘वल्हाला’ प्रकल्पाचे कामही वर्षानुवर्षे चालले आहे, त्यामागेही जुने प्रोग्राम चालू ठेवण्याची हीच जबाबदारी आहे. कारण कोट्यवधी ओळींची वहिवाट मोडून मिळविलेले नावीन्य जावाच्या धुरीणांना मान्य नाही. आपल्या उपनगरांतील अध्यापकांनी व अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळांनी ही सवलत विनाविलंब स्वीकारावी, आणि पहिल्या तासाला विद्यार्थ्याकडून केवळ तेवढेच लिहवून घ्यावे, जेवढ्याचा अर्थ त्याच तासाला त्याला समजावून देता येईल.