उंबरठ्याबाहेरची हाक

जाहिरात हा शब्द कानी पडला की सभ्य माणसाच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. वास्तविक त्या बिचाऱ्या शब्दाने कोणाचे घोडे मारलेले नाही. अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या ‘जाहीर’चा अर्थ उघड, सर्वांना दिसेल असे, एवढाच. माझ्यापाशी अमुक वस्तू आहे हे उघडपणे सांगणे यात पाप ते कोणते? आणि दिवाळी अंक तरी आपल्या हाती पडतो तो जाहिरातींच्या खांद्यावर बसूनच की! १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंकाला जागा मिळाली. तेव्हापासून कथा, कविता आणि जाहिरात या तिघीजणी एकाच मुखपृष्ठाच्या पदराआड सुखाने नांदत आल्या आहेत.

मग ती आठी कशाची? मी इतिहास शिकवणारा शाळामास्तर आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. या दोन्ही धंद्यांत ‘हे असे का झाले?’ असे विचारण्याची खोड जडते. त्या खोडीपायी मी जाहिरातीची वंशावळ चाळू लागलो आणि माझे एक मत बनले. साधने कितीही बदलली तरी जाहिरातीचे भाग्य एकाच जागी ठरत आले आहे, आणि ती जागा म्हणजे गिऱ्हाइकाच्या घराचा उंबरठा.

जुन्या आळीतले फेरीवाले आठवा. कल्हईवाला आरोळी ठोकत जाई, बोहारीण भांडी वाजवीत येई. त्यांची हाक साऱ्या आळीला ऐकू जाई. पण पायरी चढायची ती घरातून कोणी ‘अगं, थांब जरा’ म्हटल्यावर. हा नियम कोणी कागदावर लिहिलेला नव्हता. पण तो मोडणाऱ्या फेरीवाल्याला त्या आळीत दुसऱ्यांदा कोणी उभे करीत नसे.

पुढे छापखाने आले. १७८० साली कलकत्त्यास हिकीने आपले साप्ताहिक सुरू केले, त्यात बातम्यांच्या जोडीला जाहिराती होत्याच. १९०५ साली मुंबईत गिरगावात बी. दत्ताराम यांची कंपनी दुसऱ्यांच्या जाहिराती करून देण्याच्या धंद्यात उतरली. देशातल्या जुन्यात जुन्या जाहिरात संस्थांत तिचे नाव घेतात. परंतु गिऱ्हाइकाशी कसे बोलावे याचा खरा धडा मला सापडला तो किर्लोस्करवाडीत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे बेळगावचे सायकलींचे दुकानदार. ते लोखंडी नांगराकडे वळले तेव्हा गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. अशा वेळी ‘नांगर घ्या, नांगर घ्या’ असे ठळक अक्षरांत छापून काय उपयोग? ज्याला वस्तूचीच भीती वाटते, तो ती निम्म्या किमतीतही घेत नाही. आधी भीती जायला हवी, आणि भीती जायला ओळख वाढावी लागते.

१९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याची आणि मालाची वार्ता लोकांपर्यंत पोहोचवावी हा त्याचा मूळ हेतू. योगायोग पाहा, अमेरिकेतही नांगरच करणाऱ्या जॉन डीअर कंपनीने १८९५ पासून ‘द फरो’, म्हणजे नांगराचे तास, या नावाचे नियतकालिक चालवले होते. नांगरवाल्यांना ही युक्ती का सुचावी? मला वाटते, पेरले की लगेच उगवत नाही हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते.

शंकररावांच्या पत्राचे अंग हळूहळू भरत गेले. कारखाना मागे सरला, समाज पुढे आला. ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे जन्माला आली. एका कारखान्याच्या नावाचे मासिक लोक पदरची वर्गणी भरून घरी मागवू लागले, यजमान वाचू लागला, त्याच्या मागून घरातली मंडळी वाचू लागली. आजच्या व्यापारशास्त्रात याला ‘कंटेंट मार्केटिंग’ असे भारदस्त नाव आहे. किर्लोस्करवाडीत त्याला कोणी नाव दिले नव्हते, केले मात्र होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या भिंतीवरच आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ सालापासून ‘कालनिर्णय’ घरोघर नेले. तिथी, सण, मागच्या पानावर पाककृती. शिवाय तारखेच्या चौकटीत गृहिणीने मांडलेला दुधाचा हिशेब. अशा दिनदर्शिकेवरची जाहिरात वर्षभर डोळ्यांसमोर राहते आणि कोणाची तक्रार नसते. कारण भिंतीत खिळा ठोकलेला असतो तो घरधन्याने स्वतः.

आता संगणकाच्या युगात येऊ. तेथे आरंभच खोडीने झाला. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत ‘डिजिटल इक्विपमेंट’ या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या नव्या यंत्रांची माहिती ‘अर्पानेट’ या सरकारी संगणकजाळ्यावरून सुमारे चारशे जणांना एकदम धाडली. कोणी मागितली नव्हती. लोक संतापले, चालकांनी समज दिली. तथापि त्यातून यंत्रेही खपली असे थर्क पुढे सांगत असे. मेख आहे ती येथेच. आळीतल्या फेरीवाल्याला ओरडताना स्वतःचा घसा झिजवावा लागे. येथे धाडणाऱ्याचे काही झिजत नाही. झिजतो तो वाचणाऱ्याचा वेळ.

पुढे २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर चित्रपट्टीच्या पहिल्या जाहिराती झळकल्या. त्यांतली एक ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीची. पाहणाऱ्या शंभरांतल्या चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर टिचकी मारली असे म्हणतात. आज शंभरांत एकाने मारली तरी जाहिरातदार पेढे वाटील! नवलाई नऊ दिवस, ही म्हण संगणकालाही लागू पडते.

याउलट ऑक्टोबर २००० मध्ये ‘गूगल’ने साडेतीनशे जाहिरातदार घेऊन जी पद्धत सुरू केली, ती अजून पाय रोवून आहे. तिचे मर्म साधे. माणूस आधी काहीतरी शोधतो; त्या शोधाशी जुळणारी जाहिरात मग त्याच्यापुढे येते. म्हणजे आधी घरातून ‘थांब जरा’, आणि मग पायरीवर पाय! बोहारणीचाच नियम सातासमुद्रापलीकडे पुन्हा सापडला म्हणायचा. १९९९ साली सेथ गोडिन या अमेरिकन लेखकाने ‘परमिशन मार्केटिंग’ नावाचा ग्रंथच लिहिला. गिऱ्हाइकाची परवानगी हेच भांडवल, हा त्याचा सिद्धांत.

मोबाइल आला आणि उंबरठा खिशात आला. रात्री तर तो उशाशी असतो. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाला. आरंभी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली तो भुर्दंड गेला, फोन स्वस्त झाले आणि व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. कर्ज, सदनिका, भविष्य, वजन घटवणे! लोक इतके त्रासले की २००७ साली नको असलेले फोन टाळण्यासाठी राष्ट्रीय नोंदवही निघाली, २०१० आणि २०१८ साली दूरसंचार नियामकाने नियम आणखी आवळले, आणि २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माणसाच्या संमतीला कायद्याच्या भाषेत स्थान दिले. ‘मला जाहिरात नको’ हे कळवण्याचा क्रमांक आहे १९०९. जाहिरातीला मराठी घरात मानाने बसवणाऱ्या दिवाळी अंकाचे सालही तेच! इतिहासाला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणतो?

पण याच मोबाइलवर आपल्या लोकांनी एक अस्सल देशी तोड काढली होती. पैसे वाचवण्यासाठी फोन वाजवून तोडायचा, म्हणजे ‘मिस कॉल’ द्यायचा. बिहार-झारखंडात जेथे वीज आणि दूरचित्रवाणी तुटपुंजी, तेथे हिंदुस्तान युनिलिव्हरने २०१३ च्या सुमारास ‘कान खजुरा टेसन’ सुरू केले. गावकऱ्याने एका क्रमांकावर मिस कॉल द्यायचा. उलट फोन येई आणि गाणी, विनोद ऐकू येत, मध्ये मध्ये साबणा-क्रीमच्या जाहिराती. ऐकणाऱ्याला छदाम पडत नसे आणि हाक त्यानेच मारलेली असे. २०१४ साली फ्रान्समधील कान येथील जाहिरात महोत्सवात या कल्पनेला सुवर्ण मिळाले.

हे झाले मोठ्यांचे. लहान दुकानदाराने काय करावे? आमच्या शाळेच्या पालकांसाठी मोबाइलवर एक गट आहे. सुटी, परीक्षा, सहल यांची वार्ता कळवण्यापुरता. एका शिकवणीवाल्याने त्यातले क्रमांक उतरवून घेतले आणि गटात व घरोघर रोज पहाटे आपल्या वर्गाची चित्रे धाडण्याचा सपाटा लावला. आठवड्याभरात कित्येक पालकांनी गटाचा आवाजच बंद करून टाकला. मग एका अतिवृष्टीच्या सकाळी शाळेला सुटी दिल्याचा निरोप गेला, तो त्या घरांत कोणी वाचलाच नाही. पस्तीस-चाळीस पोरे चिंब भिजून फाटकाशी उभी राहिली. त्या शिकवणीवाल्याला एक विद्यार्थी मिळाला की नाही कोण जाणे. गावाच्या कामाची एक वाट मात्र त्याने बुजवली.

त्याच गावात मसाले-पापड विकणाऱ्या एक बाई आहेत. पैसे घेताना त्या विचारतात, ‘नवा माल आला की कळवू का, ताई?’ हो म्हणेल तिचाच क्रमांक वहीत. महिन्याला एक-दोन निरोप, तेही दिवसाउजेडी. नकाशावर दुकानाचा पत्ता, उघडण्याची वेळ आणि फोन बिनचूक नोंदवलेला. कोणी काही विचारले तर त्याच दिवशी उत्तर, आणि कोणी ‘आता नको’ म्हटले की नावावर काट. २०१८ पासून धंद्यासाठी निराळे व्हॉट्सॲप निघाले आहे. त्यावर मालाची यादी चित्रांसह लावता येते, तीही त्यांनी लावली आहे. डिजिटल व्यापाराची बाराखडी म्हणतात ती याहून फार मोठी नाही. बाकीचा पसारा पैसेवाल्यांचा. आणि या बाराखडीवाचून त्यांचाही पैसा पाण्यातच जातो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नवी वही पुजली जाते, पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते. आता पुष्कळांची वही मोबाइलमध्ये गेली आहे. असू द्या, तीही पुजावी, दोन फुले वाहावीत. मात्र पूजेआधी तिच्यातली नावे एकवार वाचून काढावीत. ज्याने आपले नाव आपल्या तोंडाने सांगितले, तेवढेच ठेवावे. वही थोडी बारीक होईल. पण तिच्यातले प्रत्येक नाव हाकेला ओ देईल.