झिगांग पदक

झिगांग पदक (चिनी नाव : झिगांग पाई) हा जेड या रत्नाश्मापासून घडविलेल्या चिनी पदकांचा एक प्रकार होय. एका बाजूस चित्र आणि दुसऱ्या बाजूस काव्यपंक्ती असलेली ही छोटी आयताकृती पट्टी, मिंग राजवटीच्या उत्तरकाळातील लू झिगांग या कारागिराच्या नावाने ओळखली जाते. आज आढळणारी बहुतेक पदके मात्र त्याच्या हातची नाहीत.

पार्श्वभूमी

चीनमध्ये जेड अंगावर वागविण्याची प्रथा अतिप्राचीन आहे. ‘लीजी’ या विधिग्रंथानुसार सज्जनाने सबळ कारणावाचून अंगावरील जेड उतरवू नये. जेडच्या गुणांची तुलना त्यात मानवी सद्गुणांशी केलेली आहे. जुनी पदके कमरपट्ट्याला अडकवीत आणि त्यांच्या किणकिणाटावरून चालण्याची गती संयत राखली जाई. झिगांग पदक हे या परंपरेचे बरेच उशिराचे रूप असून त्यावर दरबारापेक्षा साहित्यिक व विद्वान यांच्या अभिरुचीची छाप दिसते.

लू झिगांग

लू झिगांग सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुचौ येथे काम करीत असे. सुचौ हे त्या काळी जेडकामाचे सर्वश्रेष्ठ केंद्र होते. 1637 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोंग यिंगशिंग याच्या ‘थ्येनगोंग काय्वू’ या ग्रंथातही तेथील कसबाला अग्रमान दिलेला आहे. सामान्यतः कारागीर अनामिक राहत असताना लू आपल्या वस्तूंवर नाव कोरीत असे. सम्राटासाठी घडविलेल्या वस्तूवर ड्रॅगनच्या डोक्याखाली लपवून नाव कोरल्यामुळे त्याला देहदंड झाला, अशी कथा प्रचलित आहे. ती दंतकथाच समजावी.

घडण

या पदकांसाठी शुभ्र नेफ्राइट जातीचा जेड उत्तम मानतात. तो शिनच्यांग प्रांतातील खोतानच्या नद्यांच्या पात्रांत सापडतो. नेफ्राइटची कठिनता 6 ते 6.5 असून त्याचे तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यामुळे त्यावर साधी छिन्नी चालत नाही. पायाने फिरविलेल्या लोखंडी चकतीवर ओली घर्षक वाळू सोडून तो झिजवावा लागतो. म्हणजे ‘कोरीव’ हा शब्द येथे केवळ रूढीने वापरला जातो. चित्राभोवतीची जागा झिजवून खाली नेली की चित्र उथळ उठावात शिल्लक राहते. पदकाच्या वरच्या भागाला ‘माथा’ म्हणतात. त्यावर ढग किंवा ड्रॅगन असून दोरी ओवण्यासाठी भोक असते.

चिन्हार्थ

या पदकांवरील चित्रे पाहण्यापेक्षा वाचण्याची असतात. चिनी भाषेत समोच्चारी शब्द विपुल आहेत आणि कारागिरांनी त्यांचा उपयोग मराठी वाचकाला परिचित असलेल्या श्लेषासारखा केलेला आहे. फरक एवढाच की येथे श्लेष शब्दाऐवजी चित्रातून साधला जातो. वटवाघळाला ‘फू’ म्हणतात आणि सौभाग्याचा उच्चारही ‘फू’. त्यामुळे इतरत्र अशुभ मानला जाणारा हा प्राणी चीनमध्ये मंगलचिन्ह ठरला. पाच वटवाघळे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि पूर्ण वयात सुखाने येणारे मरण या पाच वरदानांची खूण होत. हरिण (‘लू’) म्हणजे राजसेवेतील वेतन, मासा (‘यू’) म्हणजे विपुलता, फुलदाणी (‘फिंग’) म्हणजे शांतता. घोड्यावर बसलेले माकड आणि जवळ मधमाशी हे चित्र परक्याला विनोदी वाटेल; पण ‘घोड्यावर’ या शब्दांचा दुसरा अर्थ ‘तत्काळ’ असा होतो आणि मधमाशी व माकड यांचे उच्चार जोडले की ‘सरदारकी मिळणे’ असा अर्थ निघतो. अशी भेट परीक्षार्थी किंवा अधिकारी यांना दिली जाई.

सगळीच चिन्हे मात्र ध्वनीवर आधारलेली नाहीत. पीच हे फळ पुराणकथांमुळे दीर्घायुष्याचे प्रतीक झाले, तर बांबूच्या सरळपणावरून व पोकळपणावरून सचोटी व विनम्रता सुचविली जाते. चित्राचा मूळ उच्चार ठाऊक नसेल तर अर्थ हातून निसटतो, आणि अनेक संग्रहसूचींतील ‘निसर्गदृश्य’ अशा मोघम नोंदींचे कारण बहुधा हेच असावे.

याच घराण्यातील ‘वूशी पाई’ या प्रकारात चित्रही नसते आणि अक्षरही नसते. ‘अलंकरण नाही’ आणि ‘काही विघ्न नाही’ या दोन्ही अर्थांचा उच्चार ‘वूशी’ असाच होत असल्याने कोरी पट्टी हाच आशीर्वाद ठरतो. तिच्यासाठी निर्दोष दगड लागतो, कारण दोष लपवायला नक्षी नसते.

नाममुद्रा व अस्सलपणा

छिंग काळात, विशेषतः 1759 मध्ये खोतानचा प्रदेश साम्राज्यात आल्यावर, कच्च्या जेडचा पुरवठा वाढला आणि ‘झिगांग’ ही मुद्रा असलेली पदके विपुल प्रमाणात घडू लागली. यांतील सर्वांना बनावट म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वसूरींचे नाव कोरणे हा आदराचाही भाग होता आणि कित्येक छिंगकालीन पदके उत्कृष्ट आहेत. फसवणूक घडते ती अशा वस्तू मिंगकालीन म्हणून विकताना. 1962 मध्ये बीजिंग येथील सतराव्या शतकातील एका कबरीत ही मुद्रा असलेले जेडचे पात्र मिळाले. अशा उत्खननातील वस्तू संशोधकांना मोलाच्या वाटतात, कारण त्यांचा काळ स्वतंत्रपणे ठरविता येतो.

दगड कधी घडविला गेला, हे थेट मोजण्याची रीत नाही. त्यामुळे परीक्षक भिंगाखाली चकतीच्या खुणा, अक्षरांचे वळण आणि भोकाच्या कडांची झीज पाहतात. हिरव्या जेडाइटचे पदक सोळाव्या शतकातील असणे जवळजवळ अशक्य आहे, कारण तो दगड ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर अठराव्या शतकात येऊ लागला. सर्पेंटाइनची नक्कल घनतेवरून ओळखता येते. नेफ्राइटची घनता सुमारे 2.9 ते 3.1, तर सर्पेंटाइनची सुमारे 2.6 असते.