चौहान, राजेश

चौहान, राजेश : (१९ डिसेंबर १९६६ – ). भारताचे माजी ऑफस्पिन गोलंदाज. जन्म रांचीचा, ओळख मात्र भिलाईचे खेळाडू म्हणून. पोलाद कारखान्याचे हे गाव. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने चौहान रणजी खेळले ते मध्य प्रदेशाकडून.

जानेवारी १९९३ मध्ये कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. अझरुद्दीन कर्णधार, अजित वाडेकर व्यवस्थापक. कुंबळे, वेंकटपती राजू आणि चौहान या फिरकी त्रिकुटाने इंग्लंडला ३-० असे लोळवले. बळींच्या रकान्यात नाव झाले कुंबळेंचे. एक टोक आवळून धरण्याचे काम चौहानांकडे असे, आणि धावफलकात त्याची नोंद होत नाही.

२१ कसोटींत ४७ बळी, डावात पाच बळी एकदाही नाहीत. आकडे बेताचेच. पण या २१ पैकी एकही कसोटी भारत हरला नाही. यातली काही पुण्याई मायदेशातल्या खेळपट्ट्यांची, हेही मान्य करायला हवे. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोत श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा कुटल्या, तीही कसोटी अनिर्णित सुटली. चौहानांनी ७८ षटके टाकून २७६ धावा मोजल्या आणि बळी एकच मिळवला; तो मात्र ३४० धावांवर खेळणाऱ्या जयसूर्याचा.

सामान्य रसिकाला ते आठवतात ते फलंदाजीमुळे. ३० सप्टेंबर १९९७ रोजी कराचीच्या एकदिवसीय सामन्यात अखेरच्या षटकात त्यांनी सकलेन मुश्ताकला षटकार खेचला. दुसऱ्या टोकाला रॉबिन सिंग होते. तीन चेंडू राखून भारत जिंकला.

कारकिर्दीला ग्रहण लागले ते गोलंदाजीच्या शैलीमुळे. बेसबॉलच्या पिचरला चेंडू फेकताना वाकलेले कोपर हवे तसे सरळ करता येते. क्रिकेटमध्ये त्यावरून गोलंदाज संशयाच्या फेऱ्यात सापडतो. कोपर किती अंशांनी सरळ होते हे मोजून १५ अंशांची सरसकट मर्यादा २००५ मध्ये आली. चौहानांच्या काळात पंचांच्या नजरेवरच बरेच अवलंबून होते. मार्च १९९८ मधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कोलकाता कसोटी त्यांची शेवटची. भारताने ती डावाने जिंकली. पुढच्या बंगळूर कसोटीत हरभजनसिंगने पदार्पण केले आणि भारत हरला.

भिलाई आता ज्यात आहे ते छत्तीसगड राज्य २००० मध्ये झाले. त्याचा स्वतंत्र रणजी संघ उतरला २०१६-१७ च्या हंगामात, म्हणजे चौहानांच्या अखेरच्या कसोटीनंतर १८ वर्षांनी.