गंज, झळाळी आणि एक जीप

मागच्या वेळी आपण बोरघाटातल्या रेल्वेपाशी थांबलो होतो. १८६३ साली घाट खुला झाला, खाली कर्जत आणि वर लोणावळा रुळांनी जोडले गेले, इथपर्यंत आलो होतो. शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न आला होता, "सर, रेल्वे जिथं गेली नाही तिथं काय गेलं?" आम्ही वेळ संपल्याचं निमित्त करून तो टाळला. आज त्याचं उत्तर देतो. तिथं जीप गेली.

हसू नका. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर जीपवर काय बोलणार, असं घरातही आम्हाला विचारलं गेलं. पण गेली दोन वर्षं आम्ही चार निवृत्त मंडळींनी मिळून एक जुनी जीप दुरुस्त केली. तिचं लोखंड घासलं, पितळ उजळलं आणि त्यात एक चूकही केली. ती चूक सांगायची म्हणूनच आज हा विषय घेतला आहे. आधी थोडा इतिहास.

१९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली, चिखलात न अडकणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं करून दिला. कंपनी छोटी, मागणी अवाढव्य. म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. आराखडा एकच, पण फोर्डवाले आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, वळणदार 'एफ' उमटवायचे. हा 'एफ' लक्षात ठेवा, तो पुढं आपल्याला कर्जत तालुक्यात भेटणार आहे.

या गाडीत चकाकणारं असं काहीच नव्हतं. रंग शेवाळी, तोही मुद्दाम बिनचमकीचा. पुढची काच आडवी पाडून तिच्यावर कॅनव्हासचं आवरण घालत, कारण उन्हात काच चमकली की शत्रूला ठिकाण कळायचं. जीपच्या बाबतीत झळाळी म्हणजे मरण. आज जीप 'रिस्टोअर' केली म्हणून जाळीला, बंपरला, चाकांच्या टोप्यांना क्रोम चढवलेलं दिसतं, तेव्हा आम्हाला शेतकऱ्याला नवरदेवाचा फेटा बांधल्यासारखं वाटतं. दिसतो छान, पण त्याचा तो नव्हे.

जुनी जीप नवी करून देतो म्हणणाऱ्यांनी आपल्या देशाला सुरुवातीलाच एक धडा दिला होता. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू होती आणि सैन्याला जीपा तातडीनं हव्या होत्या. लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी युद्धात वापरलेल्या, पण दुरुस्त करून मिळणाऱ्या जीपांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. भारतात पोचल्या १५५, आणि त्या सैन्यानं नापास केल्या. संसदेत गदारोळ झाला. १९५५ साली सरकारनं प्रकरण मिटलं असं जाहीर केलं, पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले, आणि १९५७ साली संरक्षणमंत्री झाले. राजकारण बाजूला ठेवू. आम्हाला त्यात रस आहे तो 'दुरुस्त केलेली' या शब्दात. वरून रंग मारलेली म्हणजे दुरुस्त का? हा प्रश्न पुढं आमच्याही गळ्यात आला.

तोवर इकडे स्वतःची जीप बांधायची खटपट सुरू झाली होती. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, मग गव्हर्नर जनरल. १९४८ साली नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. एका कंपनीच्या पाटीवर फाळणी अशी दिसते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला बाहेरून आलेले सुटे भाग जोडून जीपा तयार होऊ लागल्या. मग आली सीजे-३बी. तिचं इंजिन जास्त उंच, म्हणून बॉनेटही उंच. गाडी जरा मान ताठ केल्यासारखी दिसते. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं. आपल्याकडे तोच चेहरा पुढं कित्येक वर्षं गावोगाव फिरत राहिला, गटविकास अधिकाऱ्यांच्या, फौजदारांच्या, लग्नाच्या वऱ्हाडांच्या सेवेत.

या गोष्टीत आपला खालापूर तालुका मधोमध आहे. खोपोलीत १९१५ पासून टाटांचं वीजघर आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं आणि वीज होऊन मुंबईला जातं. १९६२ साली महिंद्रांनी फ्रान्सच्या उजिन कंपनीच्या साहाय्यानं खोपोलीसाठी मिश्रपोलादाची कंपनी काढली. ॲक्सल, गिअर, क्रँकशाफ्ट यांना साधं पोलाद चालत नाही; त्यात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम मोजून मिसळावं लागतं. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून हे पोलाद करतात. म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीचा आस पुन्हा वितळून दुसऱ्या गाडीचा आस होऊ शकतो. पुनर्जन्मावर आम्ही वर्गात तीस वर्षं व्याख्यानं दिली, पण इतकं सोपं उदाहरण तेव्हा सुचलं नाही.

आता आमची जीप. कडावच्या पुढं एका गावात आमचे एक डॉक्टर मित्र होते. १९६७ साली, म्हणजे रायगड जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणत तेव्हा, त्यांनी सीजे-३बी घेतली. कातकरीवाड्यांकडे जायला पावसाळ्यात बैलगाडीलाही वाट नसे, तिथं ही जीप जाई. डॉक्टर गेले आणि जीप घराच्या मागं पत्र्याखाली नऊ वर्षं उभी राहिली. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, तीन हजार मिलिमीटरच्या वर. जमीन फरशीसारखी पोखरली होती, मागच्या मडगार्डात गुळवेल शिरली होती. डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "काका, भंगारवाला दोनदा येऊन गेला. तुम्ही नेत असाल तर न्या."

आमच्या चौकडीत खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर, एसटीतले एक मेकॅनिक, एक बँकवाले आणि आम्ही. टर्नरना सगळे अण्णा म्हणतात. पहिल्याच दिवशी अण्णांनी आमच्या हातातला ग्राइंडर काढून घेतला. "सर, गंज काढायचाय, लोखंड नाही."

गंज आणि तांब्यावरचा हिरवा थर यांत फरक आहे. तांब्याचा थर खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा फुगीर असतो, पापुद्रे सुटतात, पाणी आणि हवा आत जातात आणि खाली पुन्हा गंज धरतो. तो स्वतःहून थांबत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ टिकला, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे वर एक घट्ट थर बसला. आमच्या मडगार्डाला ते भाग्य कुठलं.

अण्णांनी उसाची मळी आणवली. एका पिंपात एकास दहा पाणी घालून त्यात ब्रॅकेट, बिजागऱ्या, बोल्ट टाकले आणि तीन आठवडे झाकून ठेवले. वास असा, की शेजारच्यांनी चौकशी केली. पण मळी गंज तेवढा सोडवते, चांगलं लोखंड जवळजवळ खात नाही. ॲल्युमिनिअमचे भाग मात्र त्यात घालायचे नाहीत. बाहेर काढून तारेच्या ब्रशनं धुतलं, की लगेच पुसून तेल लावायचं. जुलैच्या हवेत धुतलेलं लोखंड तासाभरात तांबूस पडतं. मग पॉलिश पेपर, १२० नंबरचा, २२०, ४००, पाणी मारत. आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्यानं पूर्ण गेल्याशिवाय पुढं जायचं नाही. आम्ही एकदा १२० वरून थेट ४०० वर उडी मारली आणि अण्णांनी एक शब्दही न बोलता तो भाग पुन्हा १२० च्या ढिगात ठेवला.

पिंपातून निघालेल्या बोल्टांत तीन असे होते, ज्यांच्या डोक्यावर वळणदार 'एफ' होता. मेकॅनिक आधी मानायलाच तयार नव्हते. १९६७ च्या महिंद्र जीपमध्ये महायुद्धातल्या फोर्डचे बोल्ट? पण युद्धानंतर लष्कराचं अतिरिक्त सामान भंगारात भरपूर आलं होतं, आणि मापं जुळत होती. कुणीतरी मिस्त्रीनं कधीतरी हाताला लागले ते बसवले. आम्ही ते तीन बोल्ट बराच वेळ तळहातावर घेऊन बसलो होतो.

इथं आमच्या विषयाकडे वळावंच लागतं. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनानं विचारलं होतं, की तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणाला, तरी रथातून आलो हे खरंच होतं. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाचं असंच कोडं आहे. सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात भर घातली, की काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? चोरबाजारात हे कोडं रोज सुटतं, तेही रोख पैसे देऊन.

सरकारनंही यावर मत दिलं आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. नोंदणी वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि गाडी प्रदर्शनाला, रॅलीला वगैरेच बाहेर काढायची. आमच्या बँकवाल्यांचा त्या नंबरावर फार जीव. पण डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. बँकवाल्यांनी पुण्याच्या भंगार बाजारातून जुनं पेट्रोल इंजिन शोधून काढलं. "डिझेल काढू, हे बसवू, गाडी मूळ रूपात येईल." आम्हालाही तेव्हा ते पटलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडून ती चूक झाली. डॅशबोर्डवर गिअर कसे टाकायचे ते दाखवणारी छोटी पितळी पट्टी होती, काळवंडलेली. चिंचेनं घासली, हवी तशी उजळेना. अण्णा त्या दिवशी नव्हते. आम्ही ती बफिंगच्या चाकावर धरली. पाच मिनिटांत सोन्यासारखी झाली. गिअरची अक्षरं पुसट झाली त्याचं थोडं वाईट वाटलं; खालच्या कडेचे ओरखडे गेले त्याचं समाधान वाटलं.

दिवाळीत डॉक्टरांची मुलगी आली. गाडीभोवती फिरली, आत बसली, आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "रेघा कुठं गेल्या?"

आम्हाला कळेना. मग तिनं सांगितलं. दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत जीपमध्येच बाळंत झालेल्या बाईमागं डॉक्टर खिळ्यानं त्या पट्टीवर एक रेघ मारत. बाळ जगलं तरच.

"किती होत्या?" मेकॅनिकनं विचारलं.

"मला सहा आठवतात. आई सात म्हणायची."

आई आता नाही. डॉक्टरांची कसलीही वही शिल्लक नाही. त्या वाड्यांवर विचारायला आम्ही दोनदा जाऊन आलो. एका बाईंनी आपला जन्म जीपमधला असल्याचं सांगितलं, वय पन्नासच्या पुढचं. दुसरी दोन नावं कळली, पण ती कुटुंबं वीटभट्टीवर गेलेली होती. सहा की सात, हे ठरवणारा एकमेव पुरावा आम्ही स्वतःच्या हातानं, हौसेनं, चकाकी यावी म्हणून पुसून टाकला होता. तीस वर्षं मुलांना शिकवलं, की पुराव्याला हात लावण्याआधी तो कशाचा पुरावा आहे हे विचारा. आम्ही विचारलं नाही, कारण आमच्या लेखी ते ओरखडे होते.

अण्णा म्हणाले, "सात मारून देतो, खिळ्यानंच. कुणाला कळणार नाही."

मुलगी म्हणाली, "मला कळेल."

पट्टी तशीच ठेवली. त्यानंतर पेट्रोल इंजिनाचा विषय आम्हीच मोडून काढला. ते बसवलं असतं, तर गाडी कागदावर मूळ झाली असती. पण डॉक्टर ज्या गाडीतून शेवटची पंचवीस-तीस वर्षं फिरले, ती उरली नसती. आमचे मित्र आजही म्हणतात, की आम्ही भावनेच्या भरात 'व्हीए' नंबर घालवला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. सरकारला कुठंतरी रेघ ओढावीच लागते. तीन 'एफ' बोल्ट होते तिथंच परत बसवले. मडगार्डाचा सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, पण जोड लांबी भरून लपवला नाही; जवळून पाहिलं तर दिसतो. डावीकडची धरायची दांडी हातांनी गुळगुळीत झालेली होती, तिला कागद लावला नाही, नुसतं तेल दिलं. क्रोम कुठंच नाही.

गाडी सध्या कर्जतला आमच्या अंगणात आहे. माथेरानला तिला नेता येत नाही, तिथं मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नेरळहून तिथवर जाऊन परत आलो. घाटात एकदा तापली, बाकी त्रास नाही. आता पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा रविवारी सकाळी तिच्या पोटाला वापरलेलं इंजिन ऑइल फासायचं काम आहे. ज्यांना हात काळे करायचे असतील त्यांनी जुने कपडे घालून यावं. आणि त्या वाड्यांकडची, १९७० ते १९९० च्या दरम्यान जीपमध्ये जन्मलेली कुणी व्यक्ती तुमच्या माहितीत असेल, तर चहाच्या वेळी आम्हाला जरूर भेटा.