झिजलेल्या नाण्यांची साक्ष

संभाव्यताशास्त्राचा ओनामा बहुधा नाण्यापासूनच होतो. सोलापुरांतील असो वा पुण्यांतील, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गांत नाणें उडविलें जातें आणि छापा पडेल कीं कांटा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें ठेविला जातो. एका फेकीविषयीं निश्चित कांहीं सांगतां येत नाहीं. हजार फेकींविषयीं मात्र बरेंच सांगतां येतें, हा त्या शास्त्राचा पहिला धडा होय. पुण्याच्या एका गणितज्ञानें नाणें उडविण्याऐवजीं तें तराजूंत घातलें, आणि याच धड्याच्या बळावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या इतिहासाकडे जाणारी एक नवी वाट दाखविली. ते गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. ३१ जुलै १९०७ रोजीं गोमंतकांत त्यांचा जन्म झाला. १९२९ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मिळवून ते स्वदेशीं परतले, आणि काशी व अलीगढ येथें अध्यापन केल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक झाले. १९४० च्या सुमारास त्यांचें लक्ष प्राचीन आहत नाण्यांकडे वळलें. चांदीच्या तुकड्यांवर सूर्य, वृक्ष, हत्ती अशा चिन्हांचे ठसे मारून हीं नाणीं केलेलीं असत. त्यांवर राजाचें नांव नाहीं, शकाचा आंकडा नाहीं. त्यामुळें कोणतें नाणें आधींचें आणि कोणतें मागाहूनचें, याविषयीं पंडितांत नाना तर्क चालत.

कोसंबींनीं ठशांच्या अर्थाकडे न पाहतां प्रथम नाण्यांच्या झिजेकडे पाहिलें. झीज ही नित्याच्या अनुभवाची गोष्ट आहे. १८७७ सालीं सुरू झालेल्या सोलापूरच्या जुन्या गिरणींतील पगाराचा एखादा चांदीचा रुपया डोळ्यांसमोर आणावा. टांकसाळींतून तो एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, वजनाचा निघे. तेथून पुढें कामगाराच्या कनवटीला, वाण्याच्या गल्ल्यांत, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेंत, असा तो फिरत राही. प्रत्येक हातबदलांत चांदीचा सूक्ष्म अंश जाई. किती जाईल, हें आधीं सांगतां येत नसे. एक रुपया एखाद्या कृपणाच्या हंड्यांत वर्षानुवर्षें निजून राही, तर दुसरा दिवसांतून दहा हात पाही. काळाच्या ओघांत असें यदृच्छेनें बदलत जाणें, यालाच गणितांत यादृच्छिक प्रक्रिया म्हणतात.

एकट्या रुपयाच्या वजनावरून त्याचें वय सांगतां येत नाहीं. परंतु एकाच सालच्या शेंकडों रुपयांचा समूह घेतला, म्हणजे दोन नियम दिसूं लागतात. एक असा कीं, सरासरी वजन काळाच्या प्रमाणांत घटतें. दुसरा असा कीं, वजनांतील परस्पर तफावत, जिचें माप प्रसरणानें करतात, ती काळाबरोबर वाढते. झिजेचे लहान अंश एकमेकांवर अवलंबून नाहींत असें धरलें, तर चार वर्षांऐवजीं सोळा वर्षें लोटल्यावर सरासरी झीज चौपट होते; झिजेमुळें आलेलें प्रसरणही चौपट होतें; पण विचलन हें प्रसरणाचें वर्गमूळ असल्यामुळें तें दुप्पटच होतें. कोसंबींनीं हें नुसतें कागदावर मानलें नाहीं. साल छापलेलीं, चलनांतलीं हजारों नाणीं एकेक तोलून त्यांनीं झिजेचा नियम पडताळून पाहिला. ज्याचें वय ठाऊक आहे त्यावर कसोटी घ्यावी आणि मगच अज्ञाताकडे वळावें, हा त्यांचा क्रम होता.

मग पाळी आली तक्षशिलेची. तेथील भीर टेकडींत १९२४ सालीं सांपडलेल्या ठेव्यांत हजारांवर आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडर व त्याच्यामागून आलेला फिलिप यांचीं जवळजवळ कोरीं नाणीं होतीं. त्यावरून तो इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, असें मानतात. या आहत नाण्यांच्या पाठीवर लहान लहान खुणा असतात. कोणावर एक, कोणावर अनेक. खुणांची संख्या वाढते तसतसें सरासरी वजन बऱ्याच नियमितपणें उतरतें, असें कोसंबींना आढळलें. तेव्हां नाणें चलनांत असतां ठराविक काळानें तपासून या खुणा मारीत असावेत, असें त्यांनीं अनुमान केलें. असें झाल्यावर ठशांचे गट वजनाच्या क्रमानें लावून त्यांचा मागेपुढेपणा तपासतां येऊं लागला.

या रीतीला मर्यादाही आहेत. टांकसाळींतच राहिलेला फरक, जमिनींतील क्षार, सफाईंत गेलेला धातु, हें सर्व वजनांत मिसळलेलें असतें. म्हणून एकाच ठेव्यांतील, सारख्या परिस्थितींत राहिलेल्या नाण्यांचीच तुलना विश्वसनीय ठरते. कोसंबींच्या कांहीं निष्कर्षांवर नाणकशास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतले. तथापि समूहाला साक्षीस बोलावण्याची दिशा त्यांनींच आंखून दिली. यादृच्छिक प्रक्रियांच्या गणितांतही १९४३ सालच्या एका निबंधानें त्यांनीं भर घातली. त्यांतील सिद्धान्त पुढें कारहुनेन व लोएव्ह यांनींही स्वतंत्रपणें मांडला, आणि आतां कित्येक ग्रंथांत तो तिघांच्या नांवें ओळखला जातो. २९ जून १९६६ रोजीं पुण्यांत कोसंबींचें निधन झालें.

गांवोगांवीं नांगराच्या फाळाला किंवा जुन्या भिंतीच्या पायांत अजूनही नाण्यांचें मडकें लागतें. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळवावा, असा १८७८ सालचा कायदा आहे. तरीही पुष्कळ वेळां नाणीं सोनाराच्या मुशींत जातात, किंवा चांगलीं तेवढीं निवडून विकलीं जातात. आटलेल्या चांदीचे पैसे येतात, विकलेलीं नाणीं कोणाच्या तरी कपाटांत सुरक्षितही राहतात; पण ठेवा एकदां फुटला कीं त्याची सरासरी गेली, तफावतही गेली. पूर्वजांच्या व्यवहाराचा जो हिशेब कोणी लिहून ठेवला नाहीं, तो त्या झिजलेल्या नाण्यांत होता. आणि तीं एकत्र असतील तोंवरच तो वाचतां येतो.